गार राख

तो उजवा पंजा राखेत मनगटापर्यंत खुपसायचा, डोळे मिटायचा आणि काही ऐकू येतंय का पाहावं तसा थांबायचा. मग हात झटकत म्हणायचा, “माणूस खोटं बोलस, राख बोलत नही.” आणि पुढच्या घराकडे वळायचा.

कामाच्या नावानेच हाक मारली जाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा आमच्या गावचा जागल्या. जातीने भिल्ल, वयाने माझ्या वडिलांएवढा, आणि मी काल लग्न होऊन आलेली पोर त्याला बेधडक ‘अरे जागल्या’ म्हणायचे. नाव कधी विचारलंच नाही. आता विचारायचं कुणाला?

प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी आमचं गाव. पाचसहा घरं धाब्याची, मातीच्या सपाट छताची, बाकी सगळी गवती छपरांची, आणि ज्याच्या त्याच्या परसात जळणासाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. चैत्र लागला की सकाळी उन्हं चढताच पश्चिमेचा वारा सुटायचा. म्हणून गावाचा नेम होता, वारा सुटायच्या आत चुली विझवायच्या. जागल्याचं काम राखणीचं. चुलींची फेरी मात्र त्याने आपणहून अंगावर घेतली होती. त्याची धाकटी बहीण लहानपणी आगीत गेली होती म्हणे.

बायका चुलीतली राख खापरीत घालून अंगणात आणून ठेवायच्या, तो हात घालून पाहायचा. दारात पाण्याचा रांजण भरलेला आहे का, छप्पर ओढायचा आकडा जागेवर आहे का, तेही बघायचा. आग लागली तर बायांनी विहिरीपासून ओळ धरायची, गड्यांनी छपरं ओढायची, हे त्याने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. एकदा मास्तरीणबाईंच्या राखेत त्याच्या हाताला भाजत घातलेला कांदा लागला. “व माय! मास्तरनं जेवन राखमा दडेल शे!” असं तो ओरडला आणि आख्खी गल्ली हसली. मास्तरीणबाई आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आमच्या घरची राख मात्र कधी बाहेर आली नाही. सासूबाई म्हणायच्या, “आमच्या चुलीत भिल्लाने हात घालायचा? शब्द दिला म्हणजे झालं.” तो ओट्याखाली उभा राहून विचारायचा, “माय, चूल विझनी का?” मी आतून ‘हो’ म्हणायचे.

त्या वैशाखात नणंदेला पाहायला शहाद्याहून पाहुणे यायचे होते. मुलगी सावळी, दोन स्थळं आधीच फिरलेली. सासूबाईंना खापरावरचे मांडेच वाढायचे होते, तेही गरम. पाहुण्यांच्या गाडीला उशीर झाला. वारा सुटला तरी मी परसात आडोशाला चूल धडधडत ठेवून मांडे टाकत होते. तेवढ्यात पुढच्या दाराशी हाक आली.

“माय, चूल विझनी का?”

“विझली रे, जा!”

तो गेला नाही. “माय, मांडास्ना वास येस.”

माझं डोकंच फिरलं. तशीच पुढे गेले आणि पिठाच्या हातांनी त्याला झाडला, “मग आत येऊन तपासतोस का? आमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

त्याने मान खाली घातली. “तुमनी जबान शे, माय. तीच मन्ही राख.” आणि गेला.

घटकाभरात ठिणगी पलीकडच्या परसातल्या पऱ्हाट्यांवर उडाली; कुठल्या चुलीतली, ते बाहेरच्या कुणाला दिसलं नाही. आमचं घर धाब्याचं, त्याला काही झालं नाही. वारा मात्र पूर्वेकडे वाहत होता आणि पूर्वेला भिलाटी, भिल्लांची वस्ती. जागल्याने डबा बडवला, ओळ उभी केली. आगीला वाट मिळू नये म्हणून आकडा लावून पहिलं छप्पर ओढलं ते स्वतःच्या झोपडीचं, पेटलेलं गवत हातांनी उपसून. तरी सात झोपड्या गेल्या. माणसं वाचली. तोवर पोचलेले पाहुणे आमच्या ओट्यावर मांडे खात होते.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. पंचांत माझे सासरे. मी लगतच्या विहिरीवर घागर धरून उभी होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“चुली पाहिल्या होत्यास ना?” पाटलांनी विचारलं.

“एक घर राही गयं. चूक मन्ही शे.”

“कोणाचं घर?”

“याद नही.”

सासरे पागोटं सारखं करत बसले. दहा पावलांवर मी होते. ‘माझी चूल, मी खोटं बोलले’ एवढंच म्हणायचं होतं. नणंदेचं जमलेलं मोडलं असतं, सासूने घराबाहेर काढलं असतं, सगळं खरं. पण त्या क्षणी यातलं काही मनात नव्हतं हो. मी नुसती भ्याले. घागर भरली आणि घरी आले. पंचांनी त्याची जागल्याची काठी काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोपोरांना घेऊन तळोद्याकडे, डोंगरात भावाकडे निघाला. जाता जाता आमच्या ओट्याखाली थांबला. दोन्ही पंजांना चिंध्या गुंडाळलेल्या.

“माय, चूल विझनी का?”

सासूबाई बघत होत्या. मी आत गेले, चुलीतली राख खापरीत भरली आणि त्याच्यासमोर अंगणात आणून ठेवली. त्याने आधी राखेकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

“आज तुम्हीच देखा, माय.”

मी मनगटापर्यंत हात घातला.

“गार आहे,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला. माझ्या शब्दावर त्याने पुन्हा विश्वास ठेवला आणि वाटेला लागला.

राख खरोखरच गार होती. त्याच्याशी मी खरं बोलल्याचं मला आठवतं ते एवढंच.