बर्फ उतरल्यावर

देवमन बाळापूरजवळच्या खेड्यातला. अमरावतीत सुतारकाम शिकला आणि अठ्ठावन्न सालच्या दिवाळीआधी अकोल्याच्या नत्थुजी ठेकेदाराबरोबर थेट काश्मिरात गेला. तिथं तेरा हजार फुटांवर एका खासगी क्लबात साहेबलोक बर्फावरून घसरायला येत. त्यांच्या पायाला बांधायच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, मोडल्या की देवमन दुरुस्त करी. बाकी ठिकाणचा बर्फ मार्चात संपे. इथला ऑक्टोबरात पडला की उतारावर जूनपर्यंत टिके. क्लबाला त्याचाच कोण अभिमान!

देवमनला मात्र त्या जागेची किळस वाटू लागली. ओल्या लोकरी मोज्यांचा कुबट वास, एका शेगडीभोवती दाटीनं झोपलेल्या सतरा कामगारांचा घामट वास, भाकरीलासुद्धा रॉकेलची चव. महिनोन्‌महिने अंघोळ नाही.

खरा प्रकार मे महिन्यात उघडा पडला. इमारतीमागचा बर्फ वितळला आणि सात महिन्यांची घाण जशीच्या तशी वर आली. संडासातली, खरकट्याची, कोंबड्यांच्या आतड्यांची. थंडीनं काही कुजलंच नव्हतं. ते आता सगळं एकदम कुजायला लागलं. समोरच्या उतारावर पाहुणे हसत फोटो काढत होते.

नत्थुजीनं त्याच्यापुढं फावडं टाकलं. "उचल हे."

"मी सुतार आहो, नत्थुजी."

"सुतार आत्ता झाला. तुह्या बापजाद्यायनं काय केलं, मले का मालूम नाही?"

देवमननं फावडं पायानं बाजूला सारलं. "छप्पन साली मी दीक्षा घेतली. हे काम मी करत नाही. ज्यायनं केली घाण, त्यायले उचलू द्या."

"मंग निंग इथून!"

"निंगतोच."

हत्यारांची पिशवी खांद्याला मारून तो दोन दिवस डोंगर उतरत राहिला. पहिल्या ओढ्याशी भडभडून ओकला आणि कपड्यांसकट त्या गार पाण्यात बसला.

"काहून इतक्या लवकर आले?" गावी पोचल्यावर बायकोनं, भागीरथानं, विचारलं.

"नाक सडलं माहं तिथं."

पुढं त्रेसष्ट साली तो अकोल्यातल्या एका शाळेत सुतारकामाचा शिक्षक झाला. मुख्याध्यापक बापूसाहेबांनी एकदा त्याला प्रार्थनेनंतर उभं केलं. "देवमन गुरुजी, मुलांना बर्फाचं सौंदर्य सांगा."

देवमननं पाहिलं तेच सांगितलं. मुलं आधी खिदळली, मग मन लावून ऐकू लागली.

"हे असलं कशाला?" बापूसाहेबांनी नाक मुरडलं.

तेवढ्यात शाळा झाडणारी इंदूबाई दारातून म्हणाली, "मंग ते उचललं कोनं, गुरुजी?"

आपल्यामागं कोणाच्या तरी हातात ते फावडं गेलंच असणार. तो कोण, हे इतक्या वर्षांत देवमनच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दुपारी त्यानं डबा उघडला आणि तसाच बंद केला. आज त्याला स्वतःचीच शिसारी आली होती.