पेटी कॅम्पिंगला गेली

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणाऱ्या बाईला सगळे काचताई म्हणत. नाव पडलं ते कामावरून आणि थोडं स्वभावावरूनही. बाईला धार होती.

घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी उभा जन्म गॅरेजात फवाऱ्याने गाड्या रंगवल्या, आणि त्यातला निम्मा रंग छातीत भरून घेतला. आता नाकात नळी आणि पलंगाशेजारी प्राणवायूचं मशीन, सदानकदा घरघरणारं. मशीन विजेवर, आणि वीज लहरी. अडीअडचणीला म्हणून कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर होता, पण तो तासाभराचा सोबती.

म्हणून सोलर जनरेटर, म्हणजे उन्हावर भरून ठेवायची मोठी बॅटरी, घ्यायचं ठरलं. धाकटा भाऊ म्हणाला, "अर्धा वाटा माझा," आणि वाट्याबरोबर आपलं मतही घेऊन जनरेटरच्या दुकानात आला.

मशीनवाल्याने काचताईला सांगितलं होतं, मोठा घ्या, निदान चार-पाच तास दम निघाला पाहिजे. तिने तसाच एक पसंत केला. भावाने तो जरासा उचलला आणि कण्हत खाली ठेवला.

"ताई, याला हमाल ठेवायचा का? हा बघ, एका हातात येतो. वर घडीचं पॅनेल. घरी बाबांना, सुट्टीत आम्हाला कॅम्पिंगला. एकात दोन कामं!"

"बाबांचं मशीन यावर किती वेळ चालेल?" तिने दुकानदाराला विचारलं.

"आरामात चालेल," दुकानदार भावाकडे बघून म्हणाला.

"प्रश्न मी विचारलाय. आरामात म्हणजे किती?"

ओढूनताणून दोन तास निघाले. काचताईने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात भावाने बाबांना फोन लावला, आणि बाबा तिकडून म्हणाले, "घे गं त्याच्या मनासारखं. एवढं काय ताणायचं!"

आयुष्यभर हेच वाक्य. तिने छोटाच घेतला, पण भावाला बजावलं, "मला विचारल्याशिवाय ही वस्तू घराबाहेर जाणार नाही." भावाने गळ्याची शपथ घेतली. बाबांनी त्या जनरेटरचं नाव ठेवलं पेटी, आणि पेटी पलंगाखाली गेली.

पुढे एका शनिवारी भर दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. दुकानातलं भिंगं घासायचं चाक फिरता फिरता थांबलं, तशी काचताईने घरी फोन केला.

"बाबा, पेटी लावली का?"

पलीकडून नुसता श्वास. मग तुटक शब्द. "पेटी... धाकट्याने नेली. तलावावर. सकाळी. तू गेल्यावर. मीच म्हटलं... ने."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण रागवायला वेळ कुठे होता? ती धावत घरी आली. बाबांच्या ओठांवर निळसर झाक होती. तिने सिलिंडरला नळी जोडली, शेजारच्या ड्रायव्हरकाकांना हाक मारली आणि दोघांनी बाबांना उचलून गाडीत घातलं. वाटेत भावाला फोनवर फोन. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." दवाखान्यात भिंतीतल्या प्राणवायूवर बाबा स्थिरावले, चेहऱ्यावर रंग आला. नर्स म्हणाली, "वेळेवर आणलंत."

मग राग आला.

"काका, तलावावर सोडाल?"

ड्रायव्हरकाकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी काढली.

तलावाकाठी तंबू होते. उन्हात पॅनेल पसरलेलं, सावलीत पेटी, आणि पेटीला काय काय जोडलेलं! बाटल्या थंड करायचा खोका, गाण्यांचा स्पीकर, आणि दिवसाढवळ्या लुकलुकणारी रंगीत दिव्यांची माळ. भाऊ बायकोशेजारी खुर्चीत पाय पसरून मित्रांना पेटीचं कौतुक सांगत होता.

काचताईने एकामागून एक प्लग उपटले. गाणं मध्येच मेलं.

"ताई? तू इथे कशी?"

"बाबा दवाखान्यात आहेत."

तो ताडकन उठला. "काय झालं?"

"वीज गेली. बस, एवढंच झालं. बाकी जे झालं ते इथे झालंय."

"अगं, पण बाबाच म्हणाले ने. आणि मला काय स्वप्न पडलं होतं का, आजच वीज..."

"वीज सांगून जात असती तर ही कशाला घेतली असती रे? बाटल्या गार करायला?"

"लोकांसमोर तमाशा नको, ताई."

"बाप गुदमरत होता तेव्हा लोक नव्हते. मी एकटी होते."

मित्र तंबूंच्या दोऱ्या न्याहाळू लागले. भावाचा चेहरा कसानुसा झाला, डोळे भरून आले. ते पाणी बघून तर ती आणखीच भडकली. आता याचीही समजूत तिनेच काढायची की काय? भावजयीने मात्र पॅनेलची घडी घातली आणि गाडीत आणून ठेवली. पेटी काचताईने स्वतः उचलली.

भाऊ मागोमाग दवाखान्यात आला. त्याला बघून बाबांनी नळीसकट हसायचा प्रयत्न केला आणि लेकीकडे वळून म्हणाले, "पोराची सुट्टी घालवलीस ना. एवढं काय ताणायचं!"

"ताणणार!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "सगळ्यांनी सैल सोडायचं आणि मी धरून बसायचं! तुमचा जीव तुम्हाला स्वस्त असेल बाबा, मला नाही. यापुढे तुम्हीही कुणाला ने म्हणायचं नाही."

बाबांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. भाऊ भिंतीकडे बघत राहिला.

बाबा घरी आले, पण भावाबहिणीचं बोलणं थांबलं ते थांबलंच. भाऊ रविवारी येई, बाबांपाशी बसे. ती चहाचा कप त्याच्यासमोर ठेवी, शब्द ठेवत नसे.

"अजून राग आहे का गं?" एकदा बाबांनी चाचरत विचारलं.

"आहे."

"किती दिवस?"

"मला काय माहीत? तुम्हाला घाई आहे का?"

बाबा हसायला गेले, खोकले, आणि तिने त्यांची उशी सारखी केली. राग तसाच होता. उशी मात्र तिने दोनदा सारखी केली.