गुंडूअण्णाच्या आवाजासाठी बंगळूरला

बंगळूरला गाडीतून उतरते न उतरते तोच प्रशांतचा फोन. "काकू, वेलकम! मेट्रोने के. आर. पुरमला या. तिथून आमचं बेळ्ळंदूर जस्ट बाजूलाच आहे."

प्रशांत मूळचा नागपूरचा, नोकरी आयटीतली, आणि गुंडूअण्णाच्या चाहत्यांच्या ग्रुपचा तो सर्वेसर्वा. त्याच्या 'जस्ट बाजूला' पोचायला रिक्षाने सव्वा तास घेतला. तळ्याकाठच्या उंच इमारती समोर दिसत होत्या, पण जवळ येण्याचं नाव घेत नव्हत्या. पुण्याच्या वाहतुकीला मी इतकी वर्षं उगीचच नावं ठेवली.

गुंडूअण्णा हा या शहरातला जुना रॉक गिटारवादक. बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला. मी इथे इंजिनिअरिंगला होते, तेव्हा त्याची गिटार ऐकायला आम्ही हॉस्टेलच्या मुली मेसच्या जेवणावर पाणी सोडायचो. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. मागे राहिली थोरली बहीण, सुशीलाअक्का.

अक्का मला कॉलेजपासून ओळखायच्या. त्यांचा फोन आला होता. "फोटो ढीगभर आहेत गं नीला. गिटार तर सगळ्यांकडं आहे. पण हा कधी गायला नाही, मुलाखत दिली नाही. ह्याचं बोलणं कुठंच नाही. आवाज विसरायला लागले मी."

माझ्याकडे एक कॅसेट होती. आमच्या कॉलेजातला कार्यक्रम मी पहिल्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन भरून घेतला होता, आणि त्यात दोन गाण्यांमध्ये अण्णा तीन-चार मिनिटं बोलला होता. काय बोलला ते मला आठवत नव्हतं. घरात चालू टेप उरला नव्हता, म्हणून महिन्यापूर्वी कॅसेट प्रशांतला कुरिअर केली. दुपारी चारला अक्कांच्या घरी ग्रुपमधले सगळे जमणार होते. तिथे तो आवाज ऐकवायचा, एवढ्यासाठी मी आले होते.

प्रशांतने मला इडली-चटणी वाढली, माझ्या कानांवर भलेमोठे हेडफोन चढवले आणि हाताची घडी घालून उभा राहिला. गिटार अशी स्वच्छ, की काल वाजवल्यासारखी. एक गाणं संपलं. लगेच दुसरं सुरू झालं.

"मधलं बोलणं कुठाय?"

"ते काढलं ना! पब्लिकचा गोंगाट, खोकला, बोलणं, सगळं क्लीन केलं. दहा दिवस लागले काकू."

"आणि साफ करण्याआधीचं?"

"ते डिलीट केलं. हार्ड डिस्क भरली होती."

मी इडली तशीच ठेवली. पोरगा खुशीत होता आणि मला त्याच्या डोक्यात चटणीची वाटी उपडी करावीशी वाटत होती. मूळ कॅसेट त्याने ओल लागू नये म्हणून तीन पिशव्यांत बंद केली होती. ती वाजव म्हटलं तर म्हणे, नाही, टेप फार जुनी झाली आहे, एकदाच कशीबशी चालली, आता तुटेल. म्हटलं, तुटू दे नाहीतर जळू दे, ते अक्का ठरवतील. तुझं टेप वाजवायचं यंत्र उचल आणि चल.

यंत्र पाटावरवंट्याएवढं जड. रिक्षात प्रशांतने ते मांडीवर घेतलं आणि वाटभर तोंड फुगवून बसला. सिल्क बोर्डच्या चौकात आम्ही इतका वेळ उभे होतो, की रिक्षावाल्याने इंजिन बंद करून केळं सोललं. मी घड्याळ दाखवलं, तर तो म्हणाला, "स्वल्प अडजस्ट माडी, मेडम" (जरा सांभाळून घ्या). सकाळपासून मी दुसरं काय करत होते?

बसवनगुडीला पोचलो तेव्हा अक्कांच्या हॉलमध्ये काळे टी-शर्ट घातलेले पंचवीस-तीस पुरुष बसले होते. बहुतेकांची पोटं टी-शर्टमध्ये मावत नव्हती. हातात केसरीबातच्या (शिऱ्याच्या) बशा, आणि भांडण पेटलेलं: त्या कार्यक्रमात अण्णाची गिटार लाल होती की काळी. मी पहिल्या रांगेत होते, पण मला कोणी विचारलं नाही. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत हात जुळवून बसल्या होत्या.

मी त्यांना झालेला प्रकार सांगितला. कॅसेट वाजवली तर तुटेल, हेही सांगितलं.

"तुटली तर तुटली," त्या म्हणाल्या. "न ऐकता ठेवून काय करू? लाव तू."

मग नवंच संकट. कॅसेट मधूनच लावायची नाही, बाजू सुरुवातीपासूनच ऐकायची, हा म्हणे ग्रुपचा नियम! अण्णाचा अपमान होतो. त्यावर मतदान घ्यायला निघाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई भावाच्या आवाजासाठी ताटकळतेय, आणि हे हात मोजतायत! मी सरळ पुढे झाले आणि बटण दाबून टेप पळवली. कोणीतरी "अय्यो!" म्हणून ओरडलं. प्रशांतने मात्र गुपचूप फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

खरखर. टाळ्या. एक खोकला. आणि मग त्याचा आवाज, थोडा नाकातला, घाईतला. तार तुटली आहे, दोन मिनिटं थांबा, असं तो कानडीत सांगत होता. मग पुन्हा खरखर, आणि मराठीत:

"सुशे, तारांची डबी कुठं ठेवलीस? तुझ्या पर्समध्ये बघ की."

अक्का ताठ झाल्या. "माझ्याकडं कुठली? तुझ्याच खिशात बघ!" त्या यंत्राकडे बघून खेकसल्याच.

क्षणभर टेपमध्ये नुसता गलका.

"हं," गुंडूअण्णा म्हणाला. "खिशातच होती. सरी (ठीक आहे)."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. माझं स्वतःचं मात्र मला कळलं, मी रडत होते. गाणं सुरू झालं आणि संपेपर्यंत त्या तीस जणांतलं कोणी हललं नाही. टेप तुटली नाही.

परतीच्या गाडीत मला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. प्रशांतवर मी दिवसभर करवादले, पण तो बोलण्याचा भाग आला की हॉस्टेलमध्ये आम्हीसुद्धा बटण दाबून पुढेच जात होतो. आम्हाला गाणं हवं असायचं. माणूस तर समोरच होता, पुढच्या शनिवारी पुन्हा दिसणार होता.

पुणं जवळ आलं तेव्हा प्रशांतचा मेसेज आला: "काकू, अक्कांसाठी बोलण्याची फाइल बनवतोय. सुरुवातीचा खोकला काढू का?"

मी दात-ओठ खात लिहिलं, "हात लावू नकोस. तो खोकला कुणाचा आहे, आधी अक्कांना विचार."

पाच मिनिटांनी उत्तर आलं: "विचारलं. अण्णाचाच आहे. त्यांनी तो तीनदा ऐकवायला लावला."