सासूबाईंचं डिल्यूजन

आमचे हे हल्ली पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. फाटकाशी कोणी हाक मारली की आधी माझ्याकडे पाहतात आणि हळूच विचारतात, "तुले आयकू आलं काय?" मी मान हलवली की मगच चपला शोधतात. कान ठणठणीत आहेत. पण सत्तरी ओलांडली, चष्मा कुठे ठेवला ते दोनदा विसरले, आणि तेव्हापासून यांनी मनाशी धरून ठेवलं की आपल्या मायला जे झालं तेच आता आपल्याला होणार.

मायला जे झालं त्याचं नाव या घरात मी आणलं होतं. इंग्रजी नाव, डिल्यूजन. त्याच्या आधी आमच्याकडे फार तर कोणी येडं व्हायचं.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. अड्याळला शाळेत इंग्रजी शिकवायची. गळ्यात चष्म्याची दोरी, पिशवीत उशीएवढी डिक्शनरी, आणि डोक्यात हवा अशी की पंप लावायची गरज नाही. शिवाय नकला करायची. हेडमास्तरांचं खाकरणं, भाजीवालीचं ओरडणं, कोणाचाही आवाज काढायची. सगळे हसायचे आणि हे सगळ्यांत जास्त. "हिच्या गळ्यात अख्खं गाव बसलं हाय," म्हणायचे. मला वाटायचं, देवानं हुशारी वाटली तेव्हा मी रांगेत दोनदा उभी राहिले असणार.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही पुनर्वसनच्या नव्या घरी आलो. सासूबाईंची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, शेजारची मासे विकणारी ढिवरीण, हिला दुसऱ्याच वस्तीत प्लॉट मिळाला. जुन्या गावी ती रोज सकाळी कुडापलीकडून घोगऱ्या आवाजात ओरडायची, "येतेस काय वं बाई पान्यालेऽऽ?" की सासूबाई पाण्याचा गुंड काखेला लावून निघाल्याच. एका गुंडभर पाण्याला तास लागायचा. नव्या घरी दारात नळ. सासूबाई त्याच्याकडे पाहून रोज म्हणायच्या, "या पान्याले चव नाही." रोज. शिवाय माझ्या वरणालाही चव नाही, भातही चिकट.

एका रविवारी मी घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत होते. पुढून ते "चव नाही" ऐकू आलं. मी तोंडाला पदर लावला आणि त्या ढिवरणीच्या आवाजात हाक मारली, "येतेस काय वं बाई पान्यालेऽऽ?"

सासूबाई उठल्या. गुंड घेतला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तरातरा रस्त्यावर गेल्या. मी पदरात तोंड खुपसून हसले. परत आल्या तेव्हा गुंड रिकामा होता.

"कोनी नाही वं तिथं."

"कोण असणार आई? मैत्रीण तुमची चार कोसांवर राहते."

"हाक आली होती. तिचीच होती. तुले नाही आयकू आली?"

तिथे सांगायला हवं होतं. हसून सांगितलं असतं तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय मिटला असता. मी म्हटलं, "नाही बाप्पा. मले तं नाही आली."

मग आणखी तीन-चार रविवार तोच खेळ केला. घोडी झाले होते, तरी अक्कल शिंगरासारखी. पुढे सासूबाई हाक नसली तरी सकाळी गुंड घेऊन पायरीवर बसू लागल्या. धानाच्या बांधीवरून येता-येता यांनी ते पाहिलं. यांना काळजी वाटली, आणि मला काय वाटावं? शब्द आठवला. "अहो, याला डिल्यूजन म्हणतात," मी म्हटलं. शब्द तोंडात असा फिरवला जणू बर्फी आहे. बारावी शिकलेला माझा नवरा माझ्या इंग्रजीपुढे नेहमी मान खाली घालायचा, तशी तेव्हाही घातली.

यांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं, सोबत मी. बाई शिकलेल्या दिसतात म्हणून डॉक्टरांनी मलाच विचारलं. मी सांगितलं, नसलेल्या बाईची हाक ऐकतात, तिची वाट पाहतात. सासूबाई शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. डॉक्टरांनी मी सांगितलं त्यावर गोळ्या लिहिल्या.

मी घाबरले आणि हाका बंद केल्या. हाका बंद झाल्या, म्हणून सगळ्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. लागू पडल्या म्हणून त्या बंद करायच्या नाहीत असं ठरलं. दिवसभर सासूबाईंना गुंगी असायची. बशीतला चहा हातावर सांडायचा. धानाच्या कोठीची किल्ली एके दिवशी त्यांनी आपणहून माझ्यासमोर ठेवली. वरणाला चव नाही असं पुन्हा म्हणाल्या नाहीत. आणि खरं सांगते, लाजेनं सांगते, ते मला सोयीचं झालं. किल्ली मी लगेच कमरेला लावली. दोन वर्षांनी त्या गेल्या.

परवा नात सुट्टीत आली. ती नर्सिंगला आहे. कॉलेजातून एक फॉर्म भरायला दिलेला, घरात कोणाला कोणते आजार होते याचा. मी तांदूळ निवडत होते, हे बाजेवर होते.

"आबाजी, डोक्याचा आजार कोणाला होता का आपल्यात?"

"लिव. माह्या मायले होतं, डिल्यूजन. आन आता माहा नंबर."

"काय पण आबाजी!" तिने मला विचारलं, "काय व्हायचं गं पणजीला?"

"हाका ऐकू यायच्या," मी ताटातून मान न काढता म्हटलं.

"आजी, नसलेला आवाज ऐकू येणं म्हणजे हॅल्युसिनेशन. खोट्या गोष्टीवर हटून विश्वास ठेवणं ते डिल्यूजन. इंग्रजीची बाई तू!"

म्हणजे शब्दसुद्धा चुकला होता. मास्तरकी जागी झाली. मी म्हटलं, नीट वाचून सांग, कुठून आलाय तो शब्द.

तिने मोबाइलवर वाचलं. मूळ लॅटिन. खेळणं, कोणाशी खेळून त्याची टर उडवणं. इंग्रजीत आला तेव्हा आधी फसवण्याच्या कृत्याला म्हणायचे, फसवणारा फसवायचा ते. मग फसलेल्याच्या मनात जी खोटी समजूत उरते तिला म्हणू लागले. पुढे डॉक्टरांनी उचलला आणि तो आजार झाला.

"म्हणजे आजी, आधी यात दोन माणसं होती," ती म्हणाली. "आता एकच उरलं. पेशंट."

माझ्या डिक्शनरीतही हे असणार. वीस वर्षं उशीसारखी जवळ ठेवली, पान उघडून नाही पाहिलं. आणि उघडून काय करणार होते, दुसरं माणूस कोण ते मला माहीतच होतं.

हे म्हणाले, "लिवलं काय? मायचं लिव, माहंही लिवून ठेव."

"नको लिहू," मी म्हटलं. "तुमच्या मायले काही नव्हतं. हाक खरी होती. मी मारत होते."

यांना कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, सांदवाडी, रविवार, "मले तं नाही आली." नात पेन हातात धरून बसली होती.

हे म्हणाले, "गोळी मी चारत होतो तिले. गुळाच्या खड्यात घालून. थुकून टाके, तं मी रागवायचो." मग म्हणाले, "काढ. तो आवाज काढ एकदा."

"नाही निघणार आता."

"काढ म्हणलं ना."

काढला. मेला, अजून हुबेहूब निघतो. यांनी डोळे मिटून ऐकला आणि उठून अंगणात गेले. आयुष्यात माझ्या नकलेवर हे पहिल्यांदाच हसले नाहीत.

नातीनं फॉर्मवर आडवी रेघ मारली. पुढ्यातलं ताट ओढून उरलेले तांदूळ तिनेच निवडले.

याला आता आठ दिवस झाले. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात, जेवतात, चहा मागतात. आज सकाळी फाटकाशी कोणीतरी हाक मारली, "भाऊ, हाये काय गा घरी?" मी सवयीनं मान हलवायला वर पाहिलं. हे तोवर चपला घालून निघालेसुद्धा होते. मला काही विचारलं नाही.