जेवन द्याचं राह्यलं

तलाठी सायबानं इचारलं, "म्हातारे, लग्न झालं होतं काय तुहं?"

म्या म्हनलं, "झालं. जेवन द्याचं राह्यलं."

सारे हासले. चपराशी त पोट धरून हासला.

हासाले काय होतं? आमच्या कोलाम लोकाईच्या पोडावर, वस्तीवर, असंच हाय. मन बसलं का बाई मानसाच्या घरी राहाले जाते. मांडव, गावजेवन मंग, जवा जमन तवा. कोनाचं त नातू झाल्यावर होते. आमचं होयेच ना. एक साल पानी दगा दे, एक साल माह्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. तो म्हने, "औंदा राहू दे, पुढच्या साली." चाळीस वर्सं पुढचंच साल. मंग तोच गेला.

त्याचा पुतन्या मास्तर हाय, पांढऱ्या कपड्याचा. त्यानं कागद लिहून आनला होता. सायबानं वाचला. त्यात लिहेल होतं, ही बाई घरकामाले ठेवली होती, घरावर-वावरावर हिचा हक्क नाही.

"आंगठा दे काकू," मास्तर म्हने. "मांगची खोली राहू देतो तुले. कोर्टात काय दाखोशीन? फोटो हाय? पत्रिका हाय?"

काईच नव्हतं. माहेर सरलं, लेकरू नाही. जाऊ कुठं? त्यानं माहा हात धरून शाईवर दाबला.

तवा माहं उघडं मनगट मलेच दिसलं. म्हातारा गेला त्या दिवशी याच्याच मायनं, माह्या जावेनं, दगडानं माह्या बांगड्या फोडल्या. हा बाजूले उभा होता.

म्या इचारलं, "मास्तर, मोलकरनीच्या बांगड्या फोडतेत काय रे?"

आता कोनी हासलं नाही.

"अन काकू कोनाले म्हनून राह्यला?"

सायेब खाली पाहून म्हने, "बाई, इथं कागद लागते."

म्या आंगठा लुगड्याले पुसला.

पुढल्या दाराले मास्तरानं कुलूप ठोकलं. म्या कोर्टात दावा लावला. मांगच्याच खोलीत पडली हावो, तारखा मोजत. माही वकील बाई म्हने, "तुमी दोघं कसे राह्यले, लोकाईनं तुमाले काय मानलं, तेई कोर्ट पाह्यते." पाहू दे. निकाल काय लागन, मले ठाव नाही. पन साक्षीले पयले मी जावेलेच बलावीन. तिनं माह्या मनगटाकडं पाहावं. अन मंग सांगावं, मी कोन होती.