धुळाप्पाण्णांचा वन्स मोअर

धुळाप्पाण्णांची आणि माझी ओळख भांडणातनं झाली. उमरगा तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचा डीपी जळून नऊ दिवस झाले होते. मी पंचवीस बायका घेऊन विजेच्या ऑफिसात घुसले. साहेब दौऱ्यावर गेलेले. तावडीत सापडला तो खांद्यावर दोराचं वेटोळं टाकलेला एक उंच वायरमन. मग साहेबाच्या वाटणीचं सगळं मी त्याच्यावर काढलं. माणूस डोळे मिटून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "बाई, गळा चांगलाय तुमचा. पण श्वास मधीच तुटायलाय. वाक्य पुरं झाल्यावर घ्या की."

चप्पल हातात घेतलीच होती मी. पण माझ्याच बायका हसायला लागल्या, तिथंच मोर्चाचा जीव गेला. तिसऱ्या दिवशी डीपी बसला आणि बसवायला हाच माणूस आला. खरं सांगते, त्या दिवसापासून मी श्वास वाक्य पुरं झाल्यावरच घेते. तहसीलदारापुढं तासभर बोलले तरी दम लागत नाही. भाषण शिकवायला मला कुणी कॉलेजवाला भेटला नाही, एक वायरमन भेटला.

अण्णांचं घर मेंढरामागचं, धनगराचं. या माणसाला नाटकाचं वेड लागलं ते खांबावर. एकोणीस वर्षांचे होते, नोकरी नवी. कळंबला बाजाराच्या मैदानात एका नाटक कंपनीचा तंबू पडला होता, त्याला कनेक्शन द्यायला पाठवलं. वायर जोडून होते न होते तोवर खाली नांदी सुरू झाली. अण्णा उतरलेच नाहीत. पाची अंक खांबावर बसून बघितले. "जिल्ह्यात खांबावरनं संगीत नाटक बघणारा म्या एकटाच," असं छाती काढून सांगायचे. "आन् तिकीट न्हाय काढलं म्हणून बोलू नका. त्यांची लाइट कुणी लावली?"

त्या रात्रीचं नाटक होतं 'संगीत रत्नकंकण'. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत सोनारीची जत्रा, कळंब, धाराशिव, सोलापूर, जिथं लागंल तिथं जाऊन त्यांनी ते एकतीस वेळा बघितलं, आठ वेगवेगळ्या कंपन्यांचं. नाटक कसं झालं विचारलं की व्होल्टेज सांगायचे. "आज दोनशे तीस." नाहीतर, "लो व्होल्टेज, बाई. पंखा फिरायलाय पण वारा लागंना." नुसतं गाता येणारा नट म्हणजे सिंगल फेज. गाणं, बोलणं, उभं राहणं, तिन्ही येतं तो थ्री फेज. असे हयातीत त्यांना चारच भेटले.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातले नव्हते मात्र. मी कधी म्हणाले की आता पहिल्यासारखं राहिलं नाही, तर मलाच झापायचे. "पहिल्यासारखं म्हंजे काय? पन्नाशीचा हिरो, ढेरी सुटलेली, आन् नायिका म्हणायलीय 'हे कोमल कुमारा'! पाच-पाच तास. तबलजी पिऊन. खुर्चीला ढेकणं. लाइट आता झ्याक करतेत, ते कबूल करा. तवा दोन बल्बात चांदणं आन् ऊन, दोन्ही बसवायचे."

एकाच गोष्टीवर तडजोड नव्हती. वन्स मोअर. पद संपत आलं, शेवटची तान सुटली की तिसऱ्या रांगेतनं, कडेच्या खुर्चीवरनं, अण्णा उभे राहून हाळी द्यायचे. त्यांचा गेला की मग बाकीच्यांचा. नट भूमिका सोडायचा, हात जोडायचा, ऑर्गनवाल्याकडं बघायचा आणि पद पुन्हा पहिल्यापासून. राजाची बायको पळवून न्यायली असली तरी पळवणारा थांबायचा.

"एकदा ऐकलं की झालं की," मी म्हणायचे.

"न्हाय हो. पहिल्यांदा म्हणतेत तवा म्या सूर बघतो, ताल बघतो. दुसऱ्यांदा शब्द ऐकू येतेत. 'रत्नकंकण'मधी चौथ्या अंकात पद हाय, 'मंद जाहली ज्योत, सखे'. एकतीस वेळा ऐकलं. पहिल्यांदाला कधी डोळं ओलं न्हाय. आन् वन्स मोअरला कधी कोरडं न्हाय."

घरातही हा शब्द होता. बायको कोंडाबाई सीमेपलीकडची, माहेरची भाषा कानडी. पन्नास वर्षं इकडं काढली तरी चुलीपाशी दोन शब्द कानडी राहिले. अण्णांच्या ताटात त्या एक भाकर वाढायच्या. ती संपली की दुसरी हातावर धरून विचारायच्या, "साका?" म्हणजे पुरे का? आणि अण्णांनी "वन्स मोअर" म्हटल्याशिवाय भाकर हातावरनं ताटात पडायची नाही. पोट भरलं असलं तर "साकु", पुरे. नाटकाला त्या बरोबर जायच्या, बायकांच्या बाजूला बसायच्या. परत येताना अण्णा तासभर बोलायचे. कोंडाबाईंचं मत एकच, "लुगडी चांगली होती."

गेल्या चैत्रात कोंडाबाई गेल्या. चार दिवस ताप, पाचव्या सकाळी संपलं. मी पोचले तेव्हा माणसं जमली होती, बायकांनी हंबरडा फोडलेला, आणि अण्णा स्टुलावर चढून बाहेरच्या खोलीतला होल्डर आवळत होते. बल्ब फडफडत होता म्हणे. गावाला तेवढंच पाहिजे असतं. डोळ्याला टिपूस नाही, बायको खाली ठेवलीय आणि नवरा बल्ब बसवतोय. मी दोघीचौघींना तिथंच गप केलं. पण दहावं झालं, महिना झाला, आठ महिने झाले, अण्णा रडले नाहीत. बोलायचे, फिरायचे, पेपर वाचायचे. विचारलं की नीट उत्तर द्यायचे. सून शिवकन्या एकदम दोन भाकरी वाढायची, एक खायचे, एक तशीच ठेवून उठायचे.

एक दिवस माझ्या दारात येऊन बसले. म्हणाले, "बाई, टेस्टर लावला तर पेटायलाय. बल्ब लागंना. म्हंजे काय झालं?"

"मला काय विचारता? वायरमन तुम्ही."

"न्यूट्रल तुटलाय. लाइन चालू हाय, परतीची वाट न्हाय." मग खिशातनं पेपरचं कात्रण काढलं. धाराशिवला 'संगीत रत्नकंकण', नव्या संचात, दुपारी एक वाजता. "तिथं मला रडू येतंय. एकतीस वेळा आलंय. बत्तिसाव्यांदा न्हाय यायला काय झालं?"

दवाखान्याची तारीख सांगावी तसं सांगितलं. मी एक मोर्चा पुढं ढकलला आणि बरोबर गेले.

एसटीत त्यांनी इस्त्रीचे दोन रुमाल दाखवले. "एक पुरायचा न्हाय."

तिसरी रांग, कडेची खुर्ची. अण्णांनी बसल्या बसल्या रंगमंचाच्या पुढची जागा बघितली. "ऑर्गन कुठाय?"

"विंगेत असंल."

"विंगेत कसा? वाजवणाऱ्याला नटाचं तोंड दिसाय पायजे की." पण तेवढ्यावर सोडलं. मीही सोडलं. तिथंच आम्ही दोघं चुकलो.

नांदी नव्हती. मोबाइल बंद करा एवढंच सांगितलं. पाच अंकांचे दोन केलेले. रंगवलेल्या पडद्याच्या जागी मोठी स्क्रीन, तिच्यावर तळं हलत होतं. "तळं हलायलंय, नट हलंना," अण्णा कानात म्हणाले. नटांच्या गालाला माइक. "मुंगळा चिकटल्यागत दिसतंय." पण लाइटला मान डोलावली, दोनदा. नायिकेचं काम करणारी दीपाली नावाची मुलगी बोलायला लागली तेव्हा पुढं सरकून बसले. "हिला श्वास कळतोय."

दुसरा अंक. ज्योत मंद झाली, निळा उजेड आला, पद सुरू झालं. सुरेख होतं. मला गाण्यातलं कळत नाही तरी अंगावर काटा आला. अण्णा गुडघ्यावर ताल धरून होते, चेहरा कोरा. त्यात नवल नव्हतं, पहिली खेप सूर बघायची. शेवटची तान सुटली आणि ते उभे राहिले. आठ महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"वन्स मोअर!"

दीपाली थांबली. सवयीनं थांबली. हात जोडले, तोंड मिटलं. आणि गाणं चालूच राहिलं. तिचे ओठ बंद, तिचाच आवाज वर तान घेतोय. क्षणभर कुणाला कळेना. मग सगळं थिएटर हसून फुटलं.

"काकाला रिमोट द्या रे!"

"काका, बसा! टेप हाय ती!"

पद संपलं आणि लगेच घोड्यांच्या टापा वाजायला लागल्या, पुढचा प्रवेश. दीपाली पळत जागेवर गेली. अण्णा उभेच. मी सदरा ओढून खाली बसवलं. म्हणाले, "हसायलेत कामून?" रागानं नाही. माहिती विचारावी तसं.

नाटक संपल्यावर मी सरळ मेकअपच्या खोलीत घुसले. उत्कर्ष म्हणून पोरगा व्यवस्थापक होता, त्याची कॉलर तेवढी धरायची राहिली. "जाहिरातीत 'संगीत' लिहिता आणि टेप लावून ओठ हलवता? बहात्तरीच्या माणसाचं चारशे लोकांत हसं करता?"

पोरगं हात जोडून उभं. "ताई, ऑर्गन वाजवणारे आमच्याकडं एकच काका होते. त्यांची बोटं आता वळत नाहीत. ट्रॅकला सगळे लाइट, स्क्रीन, टापा बांधल्यात. मधी थांबवता येत नाही."

मला अजून बोलायचं होतं, पण मागनं अण्णा आले आणि त्यालाच पाठीशी घातलं. "त्याची चूक न्हाय, बाई. सगळं एका स्विचवर घेतल्यावर एकच बल्ब परत कसा लावंल तो?"

दीपाली अर्धा मेकअप पुसून पुढं आली. "मामा, आवाज माझाच आहे हो, दोन वर्षांपूर्वीचा. माझी आत्या संगीत नाटकात होती. वन्स मोअर आला की थांबायचं, ते अंगात बसलंय." मग स्टूल ओढलं. "बसा तुम्ही. मी म्हणते."

पेटी नाही, तबला नाही. उत्कर्षनं पंखा बंद केला. ती गायली. दमलेली होती, वरच्या जागी आवाज चिरला, एके ठिकाणी शब्द विसरून मागं आली. अण्णा डोळे मिटून. शेवटची तान झाली. आता म्हणतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ओठ हलले. काही आलं नाही.

दीपालीनंच विचारलं, "परत म्हणू, मामा?"

"साकु," अण्णा म्हणाले.

तिला कळलं नाही. मला कळलं.

परतीच्या गाडीत नळदुर्ग येईपर्यंत त्यांनी नाटक सोललं. पोरगी थ्री फेज आहे, पाचवी. राजा सिंगल फेज. पाच अंकांचे दोन केले ते बरंच, तिसऱ्यात तसंही झोप यायची. नांदी काढायला नको होती, देवासाठी नव्हे, लोक खोकून घेतात तेवढ्यात. टेपच्या गाण्यात एक चूक नाही, म्हणून ते ऐकायला होत नाही. सगळं बरोबर बोलले, एकाच आवाजात, पंखा फिरावा तसं. मांडीवर दोन्ही रुमाल, घडी न मोडलेले.

मला राहवेना. "ती द्यायला तयार होती की अण्णा. एवढ्या लांब कशासाठी आलो आपण? नको का म्हणालात?"

खिडकीतनं बघतच म्हणाले, "वन्स मोअर मागायचा असतो, बाई. तिनं 'परत म्हणू' इचारलं, तिथंवर तिचं काम झालं. मागायचं माझं. माझ्या तोंडातनं निघंना."

"का?"

"मागितला असता तर तिनं दिला असता ना. आन् दुसऱ्यांदाला डोळं कोरडं ऱ्हात न्हाय."

उमरगा आलं तसे त्यांनी दोन्ही रुमाल घडीसकट खिशात घातले.

घरी सोडायला आत गेले. शिवकन्यानं ताट केलं, नेहमीसारख्या दोन भाकरी. अण्णांनी वरची उचलून टोपल्यात परत ठेवली.

"मामा, दुपारपासनं उपाशी आहात," ती म्हणाली.

"दोन एकदम वाढत जाऊ नको. एकच वाढ. लागली तर मागंन म्या."

जेवले. एक भाकर संपली. शिवकन्या दुसरी हातावर घेऊन उभी राहिली, सासूचा शब्द तिच्या तोंडी येईना, म्हणून नुसतीच उभी. अण्णा ताटाकडं बघत बसले. उष्टा हात वाळला.

मागितली का? त्या दिवशी तरी नाही.