चेसीचा बाक

पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालं की डाव्या हाताला उत्तमचं शेड लागतं. ठोकलेल्या गाड्या सरळ करणं हा त्याचा धंदा. मिसरूड फुटायच्या आधी तो नागपूरला बसची बॉडी बांधणाऱ्या भैय्याजींच्या हाताखाली लागला, अठरा वर्षं तिथं राबला आणि मग गावी परतून स्वतःचं शेड टाकलं. त्याची बायको करुणा सकाळी अंगणवाडीत असते, दुपारी डबा घेऊन येते आणि मापं घ्यायला हात लावते.

ऐन संत्र्याच्या तोडीत लोधीखेड्याचा हेमराज आपली पिकअप ट्रकमागे बांधून घेऊन आला. सकाळी रस्त्यात रोही, नीलगायीचा नर, आडवा आला, त्याला चुकवताना गाडी बाभळीवर गेली. हेमराजला खरचटलंही नव्हतं, पण गाडीचा चेहरा पार आत गेला होता. बंपर दुमडलेला, रेडिएटर फुटलेला, बोनेट तंबूसारखं उभं.

"उत्तमभाऊ, चार दिवसांत पाह्यजे. बगीच्यात माल पिकून राहिला," हेमराज म्हणाला. "बोनेट, बंपर नवं टाका न् रंग मारून द्या."

उत्तम गाडीखाली सरकला. गाडीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसी, तिच्यावरून हात फिरवत गेला आणि डाव्या चाकाच्या पुढे थांबला. तिथं लोखंडाला बारीक सुरकुती पडली होती.

"चेसी वाकली हाये, भाऊ. वरून नवरीवानी सजवली तरी गाडी डावीकडंच पळन. भरल्या मालानं ब्रेक मारशीन तं कुठं जाशीन?"

"मले तं काही दिसत नाही."

"म्हणूनच मोजतो."

इंजिनापुढचं सारं उतरवल्यावर उत्तमनं चेसीच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला आणि खाली फरशीवर खडूनं खुणा केल्या. कोनाकोनी टेप धरला. सारख्या असायला हव्या अशा दोन मापांत चौदा मिलिमीटरचा फरक निघाला. हेमराजनं स्वतः वाकून आकडा वाचला.

"गॅसनं लाल करून ठोका ना मग, लवकर होईन."

"नाही. लाल केलं की लोखंड कमजोर होते. आपण थंडच वढू."

शेडच्या कोपऱ्यात सिमेंटात गाडलेला रेल्वेचा रूळ होता. मागची चेसी एका बाजूला बांधून, पुढच्या टोकाची साखळी रुळाला लावून त्यानं जॅक दाबायला घेतला. साखळी ताणली, चेसी कुरकुरली. माप बरोबर आलं तेव्हा हेमराज टाळी वाजवणार होता, पण साखळी सैल करताच सहा मिलिमीटर परत गेलं.

"जाणारच," उत्तम म्हणाला. "जरा जास्त वढावं लागते, मंग ते आपल्या जागी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी जास्त ताण देऊन सोडल्यावरही चारचा फरक दिसला. उत्तमनं पुन्हा जॅकला हात घातला. टेपचं दुसरं टोक धरलेली करुणा खाली बसून पाहत होती.

"थांबा ना! ओळंबा कोणत्या भोकात हाये? काल मागच्यात होता, आज तुमी पुढच्यात टाकला."

उत्तमनं वाकून पाहिलं. खरंच होतं. योग्य भोकातून ओळंबा सोडला, तर फरक जेमतेम एक. आणखी ओढली असती तर चेसी उलट बाजूला गेली असती.

"बरं झालं तू पाह्यलं," तो हेमराजसमोरच हसत म्हणाला. "माहीच चूक."

सुरकुतीच्या जागी तडा नाही ना, तेही त्यानं घासून पाहिलं. मग नवं रेडिएटर, बंपर, बोनेट, दिवे बसले. बोनेटच्या दोन्ही कडांची फट त्यानं बोटानं चाचपली, दोनदा बिजागऱ्या हलवल्या. चाकांची अलाइनमेंट करून घेतल्यावर पाचव्या दिवशी हेमराज स्टिअरिंगवर बसला, उत्तम शेजारी.

मोकळ्या सरळ रस्त्यावर उत्तम म्हणाला, "आता सोड हात."

हेमराजनं भीत भीत हात उचलले. गाडी नाकासमोर चालली. ब्रेक दाबला तशी जागच्या जागी उभी राहिली.

"रंग बाकी हाये," उत्तम म्हणाला. "दोन दिवस ठेव."

"राहू द्या हो! संत्रा थांबत नाही."

करड्या प्रायमरच्या बोनेटनंच पिकअप बगीच्यात गेली. पंधरवड्यानं हेमराज रंगासाठी आला, तेव्हा पिकअपमागे बांधलेली सौंसरच्या त्याच्या साळ्याची ठोकलेली जीप होती. उत्तमनं आधी जीपखाली अंग टाकलं आणि करुणाकडे ओळंबा मागितला.